कालवा बुजवू नका, त्याची बागही करू नका

खडकवासल्याचं शेतीसाठीचं पाणी आज पुण्याच्या मधून उघड्यावरून जातं. नवा मुठा उजवा कालवा धरणापासून निघतो, सिंहगड रस्त्याच्या मागच्या अंगाने वडगाव-हिंगण्यातून पर्वतीच्या पायथ्याशी येतो, जनता वसाहतीला खेटून दांडेकर पुलाकडे वळतो आणि स्वारगेट, एम्प्रेस गार्डन, वानवडी, हडपसर असं करत फुरसुंगीकडे शहराबाहेर पडतो. पुढे दौंड आणि इंदापूरची शेती त्याच्यावर उभी आहे. खडकवासला ते फुरसुंगी हे पाणी बोगद्यातून न्यायची योजना राज्य शासनाने पुढे आणली आहे. गळती, बाष्पीभवन, पाण्याची चोरी, कचरा, काठावरची अतिक्रमणं, ही सगळी कारणं पटण्यासारखी आहेत. २७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलाजवळ कालव्याची भिंत फुटली आणि भर दिवसा वस्तीतल्या घरांत पाणी शिरलं, तेव्हा तत्कालीन जलसंपदामंत्र्यांनी उंदीर, घुशी आणि खेकड्यांना जबाबदार धरलं होतं. पुणेकर ते विसरलेले नाहीत. बोगद्यात निदान खेकड्यांची सोय नसेल.

प्रश्न त्यानंतरचा आहे. पाणी जमिनीखाली गेलं की पश्चिमेकडून पूर्वेकडे, शहराच्या आरपार, पंचवीस किलोमीटरहून लांब अशी एक सलग सरकारी पट्टी मोकळी होईल. आजच्या भूसंपादनाच्या दरांत अशी पट्टी विकत घ्यायची कल्पनाही कुठली महापालिका करणार नाही. तिचं काय करायचं याचं उत्तर मात्र चर्चेआधीच तयार आहे: रस्ता. सिंहगड रस्त्याला पर्यायी रस्ता, सोलापूर रस्त्याला समांतर रस्ता. लोकप्रतिनिधींपासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत यावर दुर्मीळ असं एकमत आहे.

माझं म्हणणं वेगळं आहे. ही पट्टी चालणाऱ्यांना आणि सायकल चालवणाऱ्यांना द्यावी, पूर्णपणे द्यावी. आणि ती देताना तिच्याकडे बाग किंवा सुशोभीकरण म्हणून पाहू नये, वाहतुकीचा मार्ग म्हणून पाहावं. यातला पहिला भाग पुण्यातल्या बऱ्याच पर्यावरणप्रेमींना पटेल. दुसऱ्या भागावर त्यांच्याशीही वाद घालावा लागेल, असं दिसतं.

आधी जागेबद्दल. कालव्याची आखणी उताराच्या हिशोबाने झालेली असते. मोठ्या कालव्याला किलोमीटरमागे वीतभर, फार तर हातभर उतार असतो; म्हणून तो टेकडीला आडवा जात नाही, तिच्या कडेकडेने वळसा घेतो. तळजाई आणि पर्वतीच्या उतारांनी वर-खाली झालेल्या या दक्षिण पुण्यात सर्वांत सपाट रेघ कुठली, हे पाटबंधारे खात्याच्या जुन्या मोजणीदारांनी आधीच शोधून ठेवलं आहे. गिअरवाली कार्बन फ्रेमची सायकल घेऊन सिंहगड चढणाऱ्याला चढाचं काही वाटत नाही. पण रात्रपाळी संपवून काळ्या, बिनगिअरच्या सायकलवरून घरी जाणाऱ्या वॉचमनला धनकवडीचा एक चढ म्हणजे सायकलवरून उतरून ढकलणं. त्याच्यासाठी ही सपाट रेघ सोन्याची आहे. कालव्याच्या काठाने पाहणीचा कच्चा रस्ता बहुतेक ठिकाणी आहेच, आणि त्यावरून लोक आजही चालतात, कुणाची परवानगी न घेता.

दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. शहरात मोठे रस्ते जिथे जिथे कालवा ओलांडतात, तिथे कालवा रस्त्याखालून जातो. म्हणजे पाणी काढून घेतलं की त्या प्रत्येक ठिकाणी रस्ता चुकवून खालून जायची वाट आपोआप मिळते. सगळीकडे उंची पुरणार नाही. काही ठिकाणी तळ खोदावा लागेल, पावसाचं पाणी उपसायची सोय करावी लागेल, काही पूल इतके बुटके असतील की तिथे वरूनच ओलांडावं लागेल. तरी ज्या शहरात रस्ता ओलांडणं हे पायी चालण्यातलं सर्वांत मोठं संकट आहे, तिथे फुकट मिळालेले हे भुयारी मार्ग मातीने भरून टाकणं याला काय म्हणावं? कालवा बुजवून वर डांबर टाकलं की आज विनाअडथळा जाणारी रेघ प्रत्येक चौकात सिग्नलला येऊन उभी राहील. सायकलमार्ग ज्या ठिकाणी मरतो ते ठिकाण नेहमी चौकच असतं. मधला दोनशे मीटर लाल-हिरवा पट्टा कितीही गुळगुळीत असला तरी चौकात तो गुंडाळला गेला की आईबाप मुलाला सायकलवर शाळेत पाठवत नाहीत. पाठवूही नये.

तिसरी गोष्ट पावसाची. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने दक्षिण पुण्याची काय अवस्था केली ते अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल इथल्या लोकांना विचारा. टेकड्यांवरून येणारं पाणी आणि त्याच्या वाटेत आपण ओतलेलं सिमेंट यांचा हिशोब त्या रात्री लागला. तळजाई-पर्वतीच्या पायथ्याने जाणारी कालव्याची पट्टी काँक्रीटची केली तर ती पाणी पुढे ढकलेल, आणि पुढे म्हणजे कुणाच्या तरी घरात. तीच पट्टी मातीची, झाडांची, मधला खोलगट भाग पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारा अशी राखली तर पुराच्या काही तासांत तिचा आधार होईल. काठावर वाट, मध्ये पावसाच्या पाण्याला जागा, पुलांपाशी वाट खाली उतरणार: यासाठी फार मोठी स्थापत्यकला लागत नाही. कालवा मुळात पाणी वाहण्यासाठीच बांधलेला आहे.

आता रस्त्याच्या बाजूने जे बोललं जातं त्याकडे. सिंहगड रस्त्याची कोंडी खरी आहे, आणि ती रोज भोगणाऱ्या माणसाला 'सायकल चालवा' असं सांगणं हा उद्धटपणा आहे. म्हणून मी तसं सांगत नाही. मी एवढंच विचारतो की कालव्यावरचा रस्ता ती कोंडी सोडवेल का? सिंहगड रस्त्यावर राजाराम पुलाच्या परिसरातला उड्डाणपूल २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. गाड्या चौकावरून वर गेल्या आणि पुढच्या चौकात खाली आल्या. कालव्यावरच्या रस्त्याचंही तेच होईल. तो शेवटी स्वारगेटपाशीच येऊन उतरणार, जिथे एसटी, पीएमपी, रिक्षा आणि २०२४ पासून मेट्रोचं भुयारी स्थानक, हे सगळं आधीच एका जागी कोंबलेलं आहे. रस्ता किती गाड्या वाहून नेतो हे त्याच्या रुंदीवर कमी आणि तो ज्या चौकाला मिळतो त्यावर जास्त ठरतं. स्वारगेटचा चौक रुंद करण्याची युक्ती कुणाकडे असेल तर तिचं स्वागत आहे. कालव्याची जागा त्या युक्तीत मोडत नाही.

शिवाय या दिशेला मोठी वाहतूक नेण्याचा उपाय मंजूर झालेलाच आहे. खडकवासला-स्वारगेट-हडपसर-खराडी ही मेट्रो मार्गिका जवळपास याच अक्षावरून जाणार आहे. पुण्याच्या मेट्रोची आजची सर्वांत मोठी उणीव रुळांवर नाही, जिन्याच्या पायथ्याशी आहे. स्थानकातून उतरल्यावर पुढचा एक-दीड किलोमीटर कसा काटायचा? फूटपाथ नाही, असला तर त्यावर डीपी बॉक्स आणि दुचाक्या. भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषांत पदपथाची अडथळाविरहित रुंदी निदान १.८ मीटर असावी असं लिहिलं आहे; पुण्यात तेवढा सलग पदपथ सापडला तर लोक त्याच्याबरोबर सेल्फी काढतील. मेट्रोला समांतर, तिच्या स्थानकांना छोट्या फाट्यांनी जोडलेली, सपाट आणि बिनसिग्नलची वाट असेल तर मेट्रोवर खर्च होणाऱ्या हजारो कोटींतून प्रत्यक्ष प्रवासी येतील. हा हिशोब वाहतूक सल्लागारांनी मांडायला हवा.

'पण सायकल चालवतो कोण?' हा पुढचा प्रश्न ठरलेला. पुणे एके काळी सायकलींचं शहर होतं, हे वाक्य आपण आता काही वर्षं बंद ठेवायला हरकत नाही. त्यातली हळहळ लकडी पुलावरून कॉलेजात सायकलने गेलेल्यांची आहे, आणि त्यांच्या नातवंडांना तिचा काही उपयोग नाही. आज सायकल चालवतात ते लोक वेगळे आहेत: पेपर टाकणारी मुलं, गवंड्याच्या हाताखालचे मजूर, सुरक्षारक्षक, हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारे. त्याहून कितीतरी मोठी संख्या पायी चालणाऱ्यांची, आणि त्यात बायका जास्त. जनता वसाहतीतून, वडगाव-हिंगण्याच्या चाळींतून सकाळी घरकामाला निघणाऱ्या बाईच्या दिवसात चार घरं असतात आणि त्या चार घरांमधलं अंतर ती पायांनी कापते. कुठल्याही वाहनमोजणीत ती येत नाही, कारण मोजणी चौकात होते आणि वाहनांची होते. पुण्यात वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेली अशी बातमी २०१८ मध्येच येऊन गेली. त्या बातमीचा अर्थ प्रत्येकाकडे गाडी आहे असा लोक लावतात. एका घरात चार दुचाक्या, दोन मोटारी आणि शेजारच्या वस्तीत अर्ध्या घरांत एकही नाही, असाही तिचा अर्थ होतो.

आपल्याकडे सायकलसाठी काही झालंच नाही असं नाही. २००६ च्या अखेरीस स्वारगेट-कात्रज रस्त्यावर देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली तेव्हा कडेने सायकलमार्गही आखले गेले. ते कधी दुकानदाराच्या पायरीला, कधी झाडाच्या बुंध्याला, कधी बसथांब्याच्या पाठीला जाऊन धडकत. २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, त्यात ८०० किलोमीटरहून अधिक लांबीचं जाळं होतं. त्याच सुमारास औंधात आणि विद्यापीठात भाड्याच्या पिवळ्या-केशरी सायकली आल्या. दोन-तीन वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. यातून 'पुणेकरांना सायकल नको' असा निष्कर्ष काढणारे खूप आहेत. मला त्यातून दिसतं ते असं की सायकलला आपण नेहमी उरलेली जागा दिली. मोटारींचं झालं, पार्किंगचं झालं, गटाराचं झाकण बसलं, मग जे उरलं त्यावर लाल रंग. कालव्याची पट्टी ही पहिली जागा आहे जी उरलेली नाही, जी मोटारींकडून काढून घ्यावी लागत नाही. तीही मोटारींना देऊन मग सायकलींसाठी रंगाचे डबे घेऊन फिरायचं, हे कुठलं शहाणपण?

डाव्या कालव्याचा दाखला शहरातच आहे. एरंडवणे-कर्वेनगर भागात त्याची जागा आता 'कॅनॉल रस्ता' म्हणून ओळखली जाते. सकाळी तिथे फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, कारण आसपास दुसरी जागा नाही. दहा वाजले की तो चारचौघांसारखा रस्ता.

इथपर्यंत जे माझ्याशी सहमत आहेत त्यांच्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर या पट्टीचं एक चित्र असेल: पेव्हर ब्लॉक, बोगनवेल, ओपन जिम, ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा, नगरसेवकाच्या नावाची कमान. पहाटे पाच ते नऊ आणि संध्याकाळी चार ते आठ. मध्ये कुलूप.

त्या कुलपाबद्दल मला बोलायचं आहे. पुण्यातल्या बागा दुपारी बंद असतात, रात्री बंद असतात. उद्यान विभागाच्या दृष्टीने ते रास्त आहे. बागेची राखण करायची तर दार हवं. पण ज्या वाटेला दार आहे तिच्यावरून कुणी कामाला जाऊ शकत नाही. घरकाम करणारी बाई दुपारी एकला परतते, हडपसरची पाळी रात्री अकराला सुटते, शाळा दुपारच्या सत्राची असते. या सगळ्यांना कुलपाने बाहेर ठेवलं की आत उरतात ते आरोग्यासाठी चालणारे, जे मुळात तिथे मोटारीने येतात आणि बाहेर पार्किंग मागतात. आपल्याकडचे बहुतेक जॉगिंग ट्रॅक असेच संपले. ते सुंदर असतात, लोकप्रिय असतात, आणि एकाही माणसाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचवत नाहीत. म्हणून माझा हट्ट असा की ही पट्टी महापालिकेच्या पथ विभागाकडे असावी. कर्वे रस्ता रात्री दहाला बंद होत नाही, तशी हीही होऊ नये. दिवे, झाडलोट, खड्डे, पावसाळ्यातली दुरुस्ती हे सगळं रस्त्याच्या अंदाजपत्रकातून व्हावं, दरवर्षीच्या 'स' यादीच्या, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या निधीच्या, कृपेवर नाही. झाडं लावायला उद्यान विभागाला जरूर बोलवावं. किल्ली मात्र देऊ नये. किल्ली असूच नये.

रात्रीच्या सुरक्षिततेचा मुद्दा इथे येतो आणि तो हलका नाही. सोसायट्यांच्या मागच्या भिंतींमधून जाणारी अंधारी पट्टी कुठल्याही बाईला नकोशी वाटेल. पण भिंती उंच करणं आणि फाटक लावणं हा त्यावरचा उपाय उलटा आहे, कारण त्याने निसटायच्या वाटा बंद होतात. दर दोन-तीनशे मीटरवर शेजारच्या गल्लीत निघता यावं, सोसायटीच्या भिंतीच्या जागी आरपार दिसणारी जाळी असावी, आणि प्रवेशाच्या जागी चहाची टपरी, भाजीवाली, पंक्चरवाला यांना हक्काची जागा असावी. अतिक्रमण विभागाला हे वाचून घाम फुटेल. पण जिथे रात्री साडेनऊपर्यंत भुर्जीची गाडी लागते तिथे दहा सीसीटीव्हींपेक्षा जास्त डोळे असतात. दुचाकीवाले घुसतील हेही खरं. पुण्याचा दुचाकीस्वार आणि मोकळी जागा यांच्यामध्ये आजवर कुणी टिकलेलं नाही. खांब रोवून त्यांना अडवायचं तर खांबांमधली जागा व्हीलचेअर आणि सामानाची तीनचाकी सायकल जाईल एवढी लागते, आणि तिथून ॲक्टिव्हाही जाते. शेवटी दंड, सवय आणि वाटेवरची गर्दी हेच उपाय. चालणारे इतके असावेत की दुचाकी घालणं त्रासाचं व्हावं.

सर्वांत अवघड प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला आहे. कालव्याच्या काठाला हजारो लोक राहतात. त्यांचं काय?

इथे मुंबईकडे पाहावं लागतं. तानसा तलावाचं पाणी १८९२ पासून जलवाहिन्यांनी मुंबईत येतं. या वाहिन्यांच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर जागा सुरक्षेसाठी मोकळी ठेवावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला आणि महापालिकेने हजारो घरं हटवली. त्यातल्या बऱ्याच कुटुंबांना चेंबूरजवळ माहुलच्या इमारतींत पाठवलं गेलं, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी. तिथली हवा माणसांच्या आरोग्याला धोकादायक असल्याचं राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटलं होतं. विद्याविहारच्या जलवाहिनीलगत राहणाऱ्या बायकांनी २०१८ मध्ये तिथेच रस्त्यावर ठिय्या दिला आणि तो महिनोन्‌महिने चालवला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं की माहुलला राहायला कुणावर सक्ती करता येणार नाही. दुसरी घरं द्या, नाहीतर महिना १५,००० रुपये भाडं द्या. आणि ज्या पट्टीवरून ही माणसं उठवली, तिथे मुलुंडपासून धारावीपर्यंत ३९ किलोमीटरचा सायकल आणि पायी मार्ग होणार असं जाहीर झालं, 'ग्रीन व्हील्स अलाँग ब्लू लाइन्स' अशा देखण्या नावाने. कागदावर ती योजना उत्तम होती: रेल्वे स्थानकांना जोडणारी, उपनगरांमधून जाणारी, सलग. पण वर्षं गेली तरी सलग मार्ग काही झाला नाही. पाडकामाला मुदती असतात, न्यायालयाचा आदेश असतो, पोलीस बंदोबस्त असतो. बांधकामाला यातलं काहीच नसतं.

मुंबईतल्या गोष्टीतलं मला सर्वांत टोचतं ते हे की जिथून लोकांना उठवलं तो मार्ग सर्वांत जास्त वापरला असता तो त्याच लोकांनी. जलवाहिनीशेजारी राहणारा माणूस कामाला पायीच जात होता. पुण्यात जनता वसाहतीच्या बाबतीत हीच चूक होण्याची पूर्ण शक्यता आहे. 'हरितमार्ग' हा शब्द झोपडी हटवायला 'उड्डाणपूल' या शब्दापेक्षा सोयीचा आहे. त्याला कुणी विरोध करत नाही, मध्यमवर्ग तर नाहीच. म्हणून अट आधी लिहून घ्यायला हवी. कालव्याच्या भिंतीवर, अगदी पाण्याच्या तोंडाशी असलेली जी घरं हलवावी लागतील ती त्याच वस्तीच्या पायी अंतरात हलवावीत, आणि पर्यायी घराची किल्ली हातात पडेपर्यंत त्या तुकड्यावर काम सुरू होऊ नये. जिथे पट्टी अरुंद आहे तिथे वाट अरुंद करावी. सहा मीटरचा आग्रह धरून घरं पाडण्यापेक्षा तीन मीटरवर भागवावं. सायकलवाल्याला तिथे शंभर मीटर उतरून चालावं लागलं तर तो चालेल.

हलवण्याचा दुसरा प्रकार अधिक सभ्य असतो आणि त्याला बुलडोझर लागत नाही. अमेरिकेत अटलांटा शहराभोवतीच्या जुन्या रेल्वेमार्गांवर २२ मैलांची बेल्टलाइन उभी राहते आहे. तिची कल्पना रायन ग्रॅव्हेल या विद्यार्थ्याने १९९९ मध्ये आपल्या पदव्युत्तर प्रबंधात मांडली. मार्ग यशस्वी झाला, इतका की आजूबाजूची घरं महागली आणि जुने, बहुतांशी कृष्णवर्णीय रहिवासी तिथे राहू शकेनासे झाले. परवडणाऱ्या घरांचं वचन मागे पडतंय असं म्हणत २०१६ मध्ये ग्रॅव्हेल स्वतःच प्रकल्पाच्या संस्थेच्या मंडळावरून बाहेर पडला. पुण्यात 'ग्रीनवे-फेसिंग' फ्लॅटच्या जाहिराती यायला वेळ लागणार नाही. त्या येण्याआधी काठावरच्या झोपडपट्टी पुनर्वसनाचं काय ठरलं आहे हे जाहीर झालेलं बरं. उलट उदाहरणही आहे: कोलंबियातल्या बोगोटा शहरात एन्रिके पेन्यालोसा महापौर असताना, १९९८ ते २००० च्या काळात, शहराच्या गरीब नैर्ऋत्य भागात अलामेदा एल पोर्वेनीर हा लांबलचक पायी आणि सायकल मार्ग आखला गेला. आजूबाजूच्या गल्ल्या अजून कच्च्या होत्या. मोटारींच्या आधी पायांना फरशी मिळाली. आपल्याकडे हा क्रम कुणी सुचवला तर त्याला विनोद समजतील.

मुंबईतले आणखी दोन दाखले झटकन सांगतो. पवई तलावाच्या काठाने पालिकेने सायकलमार्ग बांधायला घेतला. तलावात मगरी आहेत, काठ पाणथळ आहे. आयआयटीच्या विद्यार्थ्यांसह काहीजण न्यायालयात गेले आणि मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवून जागा पूर्ववत करायला सांगितलं. हिरवा रंग दिला म्हणून निसर्गाला चालतं असं नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीएने सायकलमार्ग बांधला, तो कुर्ला किंवा वांद्रे स्थानकापर्यंत नीट पोचलाच नाही, त्यावर गाड्या उभ्या राहिल्या, आणि २०२५ मध्ये 'वापर नाही' म्हणून तो काढून मोटारींना आणखी एक मार्गिका द्यायचं ठरलं. स्थानकापासून सुटलेला मार्ग वापरायचा कुणी आणि कशासाठी? कालव्याची वाट स्वारगेटच्या मेट्रो स्थानकाच्या दारापर्यंत नेली नाही, शेवटचे तीनशे मीटर 'दुसऱ्या टप्प्यात' ढकलले, तर दहा वर्षांनी पुण्यातही हाच ठराव होईल, आणि तो मांडणाऱ्याला आकडेवारीही मिळेल.

बोगदा व्हायला वर्षं लागतील. मग आत्ताच घाई कशाला? कारण जागेचा निकाल बोगद्याच्या आधी लागतो. आज ही जमीन जलसंपदा विभागाची आहे. ती महापालिकेला कशासाठी द्यायची, किती रुंदीची, कुठला तुकडा विकायचा, कुठला मेट्रोच्या खांबांना, याची पत्रं सरकारी फायलींत फिरतील आणि आपल्याला निविदा निघाल्यावर कळेल. जुन्या हद्दीचा विकास आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली त्यात फेरबदल करून संपूर्ण पट्टीवर 'पादचारी व सायकल मार्ग' असं आरक्षण टाकता येतं, हरकती-सूचना मागवून. आरक्षणाच्या रेघेत किती ताकद असते ते एचसीएमटीआरने, म्हणजे शहराभोवतीच्या नियोजित उन्नत वर्तुळमार्गाने, दाखवलं आहे: १९८७ च्या आराखड्यात ती रेघ ओढली गेली, वर्तुळमार्ग कधी झाला नाही, पण ती जागा तीन दशकं त्याच नावाने अडून राहिली. मोटारींसाठी जे जमलं ते पायांसाठी का जमू नये?

तोवर एका तुकड्यावर काम सुरू करता येईल, कालव्यात पाणी असतानाही. पर्वतीच्या पायथ्यापासून स्वारगेटपर्यंत पाहणीचा रस्ता आहे. त्याच्या पाण्याकडच्या बाजूला भक्कम कठडा, पायाखाली सपाट मुरूम, दिवे, वस्तीतून उतरायला पायऱ्यांशेजारी सायकल ढकलायचा उतार, आणि सातारा रस्ता ओलांडायला थांबणारा सिग्नल. खर्च एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणाएवढा. हे करण्याआधी महापालिकेने एक काम मात्र करावं: सकाळी सहा ते रात्री अकरा माणसं बसवून तिथून किती जण चालत जातात ते मोजावं, बायका किती, मुलं किती, डोक्यावर ओझं घेऊन जाणारे किती. आणि तो आकडा कलम ३७ च्या प्रस्तावाला पहिल्या पानावर जोडावा.